बिजागरी कुठल्या बाजूला

"हे तर सगळ्यांनाच माहीत असतं," असं कुणी म्हटलं की इन्शिराहचं पित्त खवळायचं. इजिप्तमधल्या दुम्यातच्या सुतारगल्लीत हे वाक्य दिवसातून दहादा तरी कानावर येतं. सरस किती आटवायचा, कुठलं लाकूड पावसाळी हवेत फुगतं, कुणाच्या मुलीचं लग्न कुठं मोडलं, सगळ्यांना सगळं माहीतच असतं, आणि विचारणारा मूर्ख ठरतो. इन्शिराह त्या वेळी कामाला बसलेली असली तर चिमट्यातला शिंपल्याचा तुकडा कट्कन मोडायचा.

तिचं काम शिंपले बसवायचं. हाज मुतवल्लीच्या कारखान्यातून तावलाचे पट अर्धे तयार होऊन तिच्या घरी यायचे. तावला म्हणजे फाशांचा खेळ, आपल्या सारीपाटाच्या जवळचा, फक्त पट लाकडी पेटीसारखा मिटणारा. पेटी उघडली की आत दोन अर्धे, आणि कडेकडेनं चोवीस टोकदार घरं. त्या घरांत शिंपला, हाड आणि काळं लाकूड यांचे तुकडे बसवायचे, सरस पुसायचा, आणि पट पॉलिशला पाठवायचा. पंधराव्या वर्षी आईच्या शेजारी बसून ती हे काम शिकली. आता ती एकसष्ट वर्षांची होती. डोळे मिटून बोट फिरवलं तरी हे कितवं घर ते तिला सांगता यायचं.

पण तावला खेळता येत नव्हता.

हे ऐकून परगावचा माणूस चकित होतो, दुम्यातचा होत नाही. तावला शिकवत नाहीत. तो वडिलांच्या खुर्चीमागे उभं राहून येतो. पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की बापाबरोबर कहवाखान्यात, म्हणजे कॉफीच्या दुकानात, जातं, खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहतं, दोन वर्षं नुसतं बघतं, आणि एक दिवस कुणीतरी लघवीला उठून गेला की त्याच्या जागी बसतं. झालं शिक्षण. इन्शिराहचा थोरला भाऊ बहगत असाच शिकला आणि पुढं नदीकाठच्या कहवाखान्याचा पहिल्या नंबरचा खेळाडू झाला.

इन्शिराह नऊ वर्षांची असताना बापाचा जेवणाचा डबा घेऊन तिथं गेली होती. डबा टेबलावर ठेवून ती बहगतच्या शेजारी खुर्चीमागे उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. चार-पाच फेऱ्या तिनं बघितल्या, काळ्या सोंगट्या कुठल्या बाजूला जातात ते तिला कळायला लागलं होतं, तेवढ्यात बापाचं लक्ष गेलं. तो रागावला नाही. म्हणाला, "घरी जा बाळ, आई वाट बघत असेल." संध्याकाळी तिनं त्याला म्हटलं, मला तावला शिकवा. तो म्हणाला, "ते सांगून येत नाही. बघून येतं."

"मग बघू द्या की."

त्यावर सगळं घर हसलं. बाप हसला, आई हसली, आणि बहगत तर जमिनीवर लोळला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं हे इन्शिराहला बावन्न वर्षांत कळलं नाही. नवरा अब्दुल मक्सूद चांगला होता, पण तो मासेमारीच्या बोटीवर असायचा आणि घरी आला की झोपायचा. तोही पुढं वारला. मुलगे पोर्ट सैदला कामाला गेले. शिंपले मात्र येतच राहिले.

मागच्या हिवाळ्यात बहगतचे गुडघे गेले. कहवाखाना घरापासून चार गल्ल्या लांब, आणि त्याला तर उंबऱ्यापर्यंत जायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागत होती. तो खालच्या मजल्यावर, ती वरच्या. त्याची बायको दिवसभर लेकीकडे असायची. दोन आठवडे त्यानं भिंतीकडे बघत काढले, आणि तिसऱ्या आठवड्यात बहिणीला हाक मारून म्हणाला, "ये, तुला तावला शिकवतो."

हे ऐकायला तिला बावन्न वर्षं लागली होती. ती हातावरचा सरस न धुताच खाली गेली.

त्यानं तिला महबूसा शिकवायला घेतला. महबूसा म्हणजे कोंडलेली. या खेळात दुसऱ्याची सोंगटी मारून बाहेर काढत नाहीत, तिच्यावर आपली ठेवून तिला तिथंच कोंडतात. एवढं त्यानं सांगितलं आणि फासे तिच्या हातात दिले. बाकीचे नियम तिला कसे कळले ते ऐका. तिनं दुसरी सोंगटी उचलली तर तो म्हणाला, पहिली आधी घरच्या कोपऱ्यात, वाटेच्या शेवटच्या सहा घरांत, पोचली पाहिजे. तिला सहा-सहा पडले, ती दोनदा सहा घरं चालली, आणि डाव पुढं गेल्यावर तो म्हणाला, जोड पडली की चारदा चालायचं असतं, तू सोडलंस, आता गेलं. तिनं सोंगटीला हात लावला आणि विचार बदलला तर, लावली ती चालावीच लागते. प्रत्येक नियम ती जिंकायला लागली की येत होता. हरत असली की कुठलाच नियम येत नव्हता.

पाचव्या दिवशी तिची गाडी चांगली पुढं गेली. चौदा सोंगट्या पुढं निघालेल्या, मागं एकच राहिलेली. वाटेत एका घरात बहगतची एकटी सोंगटी तिच्या एकीला कोंडून बसली होती. तिनं त्या सोंगटीवर आपली ठेवायला हात नेला.

"तिथं बसता येत नाही."

"का? वर एकच तर आहे."

"खाली तुझी कोंडलेली आहे ना. म्हणजे घर माझं."

"हे आधी का नाही सांगितलंस अबीह?" थोरल्या भावाला ती अबीह म्हणायची.

"अगं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं."

तिनं दात आवळले आणि दुसरी चाल केली. बहगतनं फासे टाकले, आणि तिच्या पहिल्या घरात मागं राहिलेल्या त्या एकट्या सोंगटीवर आपली सोंगटी अलगद ठेवली. मग तो खुर्चीत मागं टेकला आणि चहा घ्यायला लागला. तिनं विचारलं, आता कुणाची पाळी. तो म्हणाला, कुणाचीच नाही. पहिल्या घरातल्या शेवटच्या सोंगटीला आई म्हणतात. आई कोंडली की डाव संपला, आणि हार दुप्पट.

इन्शिराहनं पट दोन्ही हातांनी धरून सोंगट्यांसकट धाडकन मिटला. झाकणावरचा शिंपल्याचा एक तुकडा उडाला. तो पट तिनंच केलेला होता. त्यानंतर ती चार महिने तावलाला बसली नाही, आणि भावाशी जेवणापुरतं बोलली.

मग हाज मुतवल्लीला कैरोच्या एका दुकानाचं काम मिळालं. दुकान चालवणारी बाई शिस्तीची होती. तिनं पट पसंत केले, पण अट घातली की प्रत्येक पेटीत खेळाचे नियम छापलेला कागद हवा, आणि तो असा हवा की ज्यानं जन्मात तावला बघितला नाही त्यानंही वाचून खेळावा. मुतवल्ली म्हणाला, त्यात काय. त्यानं बहगतला दोन माणसांच्या खांद्यावर हात ठेवून कारखान्यात आणलं, आणि मासळीबाजाराच्या कहवाखान्याचा चॅम्पियन शरनूबी, जो माशांचा लिलाव करायचा, त्यालाही बोलावलं. इन्शिराह तेव्हा तयार पट पोचवायला तिथं आली होती. ती दाराशी लाकडाच्या थप्पीवर बसून ऐकत राहिली.

मिशब्बिकचं, जिलबीसारख्या मिठाईचं, ताट मध्ये ठेवलं होतं आणि दोघांची बोटं पाकानं चिकट झाली होती. दीड तास बोलणं चाललं. वाद असा की पहिली सोंगटी घरच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत बाकीच्या हलवायच्या नाहीत हा नियम आहे की नाही. नदीकाठच्या कहवाखान्यात आहे, मासळीबाजाराच्या नाही. शरनूबी म्हणाला, तुमचा नियम म्हाताऱ्यांचा आहे, डाव लांबावा आणि घरी बायकोसमोर जायला उशीर व्हावा म्हणून काढलेला. बहगत म्हणाला, तुमच्याकडे माशांच्या वासानं लोक लवकर उठतात, म्हणून तुम्ही नियम कापला. मुतवल्ली दोघांचे हात धरत होता. दीड तासात सोंगट्या कुठल्या दिशेनं जातात हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. शेवटी शरनूबी उठून गेला आणि बहगतनं एकट्यानं कागद लिहिला. मुतवल्लीनं तो इन्शिराहच्या हातात दिला, बघ म्हणाला, तुझं वाचन चांगलं आहे, शब्द कुठं चुकला असेल तर सांग.

पहिली ओळ अशी होती: "प्रत्येकाने आपल्या सोंगट्या नेहमीच्या ठिकाणी, उजेडाच्या बाजूला मांडाव्यात."

तिनं ती ओळ दोनदा वाचली. नदीकाठच्या कहवाखान्यात दार एकाच बाजूला आहे, टेबलं भिंतीशी हलत नाहीत, आणि म्हातारे साठ वर्षं सोंगट्या दाराच्या बाजूला मांडत आले आहेत, दिसावं म्हणून. बहगतला वाटत होतं हा खेळाचा नियम आहे. पुढं लिहिलं होतं, "दोश पडल्यास रिवाजाप्रमाणे चालावे." दोश म्हणजे सहा-सहा. कहवाखान्यात फाशांचे आकडे जुन्या फारसी-तुर्की शब्दांत पुकारतात, आणि ते शब्द कहवाखान्याबाहेर कुणी वापरत नाही.

"नेहमीच्या ठिकाणी म्हणजे कुणाच्या नेहमीच्या?" तिनं विचारलं. आवाज असा निघाला की करवतीवरचा माणूस थांबला. "रात्री खेळलं तर उजेड कुठल्या बाजूला असतो? दोन्हीकडे खिडक्या असल्या तर काय करायचं? जन्मात तावला न बघितलेल्या माणसाला 'नेहमीचं' काय असतं?"

बहगत म्हणाला, "अगं, हे तर..."

"बोलू नकोस ते."

मुतवल्लीनं विचारलं, मग कसं लिहायचं. ती म्हणाली, मी लिहिते.

"तुला खेळता तरी येतं का?" करवतीवरच्या माणसानं विचारलं.

"नाही. म्हणूनच."

कारखान्यात हशा झाला. पन्नास वर्षांपूर्वीचाच तो हशा होता, फक्त माणसं बदलली होती. मुतवल्ली हसला नाही, कारण त्याला कैरोच्या बाईचा आवाज फोनवर ऐकून माहीत होता. तो म्हणाला, पट पुढच्या गुरुवारी दुपारी जाणार, त्या सकाळी कागद छापखान्यात द्यायला हवा. तोवर तुझा कागद झाला आणि दोन नवख्या माणसांनी तो वाचून, कुणाला न विचारता, डाव शेवटपर्यंत खेळून दाखवला, तर तो छापीन. नाही तर बहगतचा.

इन्शिराह घरी आली ती रस्त्यात कुणाशी न बोलता. कारखान्याचं नाव किंवा कैरोच्या बाईची मर्जी तिच्या डोक्यात नव्हती. नऊ वर्षांची पोर डबा घेऊन गेली आणि तिला घरी जा म्हणाले, तर तिनं घरी येऊन हा कागद उघडावा आणि खेळावं, कुणाच्याही खुर्चीमागे उभं न राहता. असा एक कागद या जगात असायला हवा होता. तो जर झाला नाही तर पेटीपेटीतून 'नेहमीच्या ठिकाणी' जाणार होतं, आणि ती पेटी तिच्या हातची असणार होती.

तिनं शाळेची वही घेतली आणि खालच्या मजल्यावर बहगतसमोर जाऊन बसली, पोलीस जबानी घेतात तशी.

"सोंगट्या कुठून कुठं जातात?"

त्यानं हात हवेत फिरवला. "अशा."

"अशा म्हणजे कशा?"

"अशा म्हणजे अशा. डोळे आहेत ना तुला?"

"कागदाला नाहीत."

असं चार दिवस चाललं. उजवं टोक म्हटलं की ती विचारायची, कुणाचा उजवा? समोरासमोर बसलेल्यांचे उजवे एकमेकांच्या उलट असतात. पाच पडले तर ज्या घरात आहोत ते धरून पाच की सोडून? बहगतला सांगता येईना. त्यानं आयुष्यात कधी घरं मोजली नव्हती. फासे पडले की त्याचा हात आपोआप योग्य घरात जाऊन थांबायचा. ती म्हणाली, सावकाश मोजून दाखव. त्यानं एक घर, दोन घरं असं बोट ठेवत पाच चालायचा प्रयत्न केला, आणि सहाव्या घरात जाऊन बसला. दोघांनी ते बघितलं. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा चुकला. मग त्यानं फासे खाली ठेवले आणि बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. म्हणाला, "तू माझा खेळ मोडून टाकशील."

तिला एका क्षणापुरती त्याची दया आली. मग 'घरी जा बाळ' आठवलं आणि दया गेली. "सोडून मोजायचं," तिनं वहीत लिहिलं. "आहोत ते घर धरायचं नाही."

मांडणीचं तिनं असं लिहिलं: दोघांनी मिळून, बोट दाखवून, पटाची एक बाजू ठरवा. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या त्याच बाजूच्या टोकाच्या घरात, प्रत्येकाच्या आपल्यापासून लांबच्या ओळीत. तिथून त्या ओळीनं पलीकडच्या टोकापर्यंत जायचं, तिथून आपल्या जवळच्या ओळीत उतरायचं, आणि परत ठरलेल्या बाजूकडे यायचं. घोड्याच्या नालेसारखी वाट. पंधराही सोंगट्या घरच्या कोपऱ्यात आल्या की एकेक पटाबाहेर काढायची, ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. कोंडलेल्या सोंगटीवर एकच असली तरी ते घर वरच्याचं. आई म्हणजे कोण, ती कोंडली तर काय, हे तिनं खेळ सुरू व्हायच्या आधीच, जाड अक्षरात लिहिलं.

पहिल्या सोंगटीच्या भांडणाचं काय करायचं यावर ती एक अख्खी दुपार बसली. नदीकाठ बरोबर की मासळीबाजार? शेवटी तिनं लिहिलं: "काही ठिकाणी पहिली सोंगटी घरच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत दुसरी हलवत नाहीत, काही ठिकाणी हलवतात. दोन्ही चालते. फासे टाकण्याआधी ठरवा. नंतर आठवलेला नियम त्या डावाला लागू नाही."

ते शेवटचं वाक्य बहगतनं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हा नियम कुठल्याच कहवाखान्यात नाही," तो म्हणाला. ती म्हणाली, माहीत आहे.

बुधवारी सकाळी शेजारच्या शिंप्याच्या दोघी मुली, राविया आणि शाहिनाझ, इन्शिराहच्या घरी आल्या. एक एकोणीस, एक सतरा. दोघींना तावलाचा ओ की ठो माहीत नव्हता. मुतवल्ली सोफ्यावर बसला. बहगत तीन ठिकाणी थांबत, जिन्याला शिव्या देत वर आला. अट एकच, कुणी एक अक्षर बोलायचं नाही. इन्शिराहनं मुलींसमोर मिटलेली पेटी ठेवली, त्यावर कागद ठेवला, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

राविया कागद वाचत होती. शाहिनाझनं पेटी उघडली. उघडून तिनं एक अर्धा भाग आपल्याकडे ओढला, दुसरा बहिणीकडे सरकवला. बिजागरी दोघींच्या मध्ये आडवी आली. एकेकीच्या पुढ्यात एकेक अर्धा, जेवायच्या ताटासारखा. घरांची टोकं समोर जायच्या ऐवजी डावी-उजवीकडे गेली.

"आपल्यापासून लांबची ओळ," रावियानं वाचलं. तिनं पटाकडे बघितलं. तिच्यापासून लांब कुठलीच ओळ नव्हती. ओळी दोन्ही हातांना होत्या. तिनं कागद उलटा करून बघितला. दोघी बहिणी खालच्या आवाजात कुजबुजल्या, मग शाहिनाझ म्हणाली, "मावशी, यात ओळी नाहीत."

बहगतला हसू फुटलं. आधी त्यानं रुमाल तोंडाला लावला, मग तो मोठमोठ्यानं हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुतवल्ली जमिनीकडे बघत होता, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

इन्शिराह पुढं आली आणि मुलींना म्हणाली, स्वयंपाकघरात जा, चहा ठेवा, आणि मी हाक मारेपर्यंत येऊ नका. त्यांच्या मागं तिनं दार लावून घेतलं.

"बिजागरी कुठल्या बाजूला ठेवायची हे काय लिहायला लागतं?" बहगत रुमालानं डोळे पुसत म्हणाला. "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं."

तिच्या तळव्यांपासून कानांपर्यंत आग झाली होती, पण ती या वेळी भावावर नव्हती. सेहेचाळीस वर्षं पट तिच्या मांडीवर आले होते. उघडे, एकेक अर्धा, बिजागरी अजून न लावलेले. मिटलेली पेटी हातात घेऊन, ही कशी उघडायची, असा प्रश्न पडलेला माणूस तिनं कधी डोळ्यांसमोर आणलाच नाही. दोन चॅम्पियनांना जे सुचलं नाही ते तिलाही सुचलं नव्हतं. तिनं सुद्धा आपलं 'नेहमीचं ठिकाण' लिहिलं होतं, फक्त मनात.

"लागतं," ती शेवटी म्हणाली. "लिहायला लागतं. मीच गाढव, मी लिहिलं नाही."

मुतवल्ली म्हणाला, राहू दे, दोघांचेही कागद सारखेच निघाले. ती म्हणाली, गुरुवार सकाळपर्यंत मुदत आहे, आज बुधवार आहे. त्याला ते नाकारता आलं नाही. मुलींना तिनं चहा पाजून, काहीही न सांगता, घरी पाठवलं, आणि उद्या सकाळी आठला या म्हणाली. रावियानं विचारलं, आमचं काय चुकलं? ती म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही, आणि हे तिनं इतक्या रागानं सांगितलं की पोरी घाबरून जिना उतरल्या.

दुपारभर तिनं पेटी मिटली आणि उघडली, मिटली आणि उघडली. आपल्याला काही माहीत नाही असं ठरवणं हे माहीत करून घेण्यापेक्षा अवघड आहे हे तिला त्या दुपारी कळलं. हातांना सगळं माहीत होतं, आणि हात खोटं बोलत नव्हते, नुसते गप्प राहत होते. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले आणि नुसत्या डोळ्यांनी कागद वाचला. तेव्हा आणखी सापडलं. दोन फासे म्हणजे दोन वेगळ्या चाली, त्या दोन सोंगट्यांनी किंवा एकीनंच केल्या तरी चालतं, हे कुठं लिहिलंच नव्हतं. चाल बसत नसेल तर पाळी जाते, हेही नव्हतं. प्रत्येक ठिकाणी तिनं स्वतःला बापाच्या भाषेत एकेक शिवी दिली. सूर्यास्ताच्या बांगेला तिनं सगळ्यात वर नवी ओळ लिहिली:

"पेटी उघडा. बिजागरी दोघांच्या मध्ये आडवी येऊ देऊ नका. ती एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाणारी, उभी ठेवा, म्हणजे एक अर्धा भाग डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला येईल."

गुरुवारी आठला मुली आल्या. मुतवल्ली घड्याळ बघत उभाच राहिला. बहगतला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला.

शाहिनाझनं पेटी उघडली, तशीच आडवी. रावियानं ओळ वाचली, थांबली, आणि पेटी फिरवली. बहगतनं खुर्चीत हालचाल केली. सोंगट्या मांडल्या गेल्या, फासे पडले, बोट ठेवत घरं मोजली गेली. पहिली सोंगटी आधी की नाही, हे दोघींनी फासे टाकण्याआधी ठरवलं; शाहिनाझ म्हणाली नको, पटकन होईल. डाव अतिशय वाईट चालला होता. राविया अशा चाली करत होती की बहगतचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप हलायचा आणि तो डाव्यानं दाबून धरायचा. तो बोलला मात्र नाही.

अर्ध्यावर भांडण झालं. रावियाची एकटी सोंगटी शाहिनाझच्या एकीला कोंडून बसली होती, आणि शाहिनाझला तिथं आपली ठेवायची होती.

"वर एकच आहे, मी बसणार."

"नाही बसायचं, खाली तुझी कोंडलेली आहे."

"मग काय झालं? उगाच आपल्या सोयीचं सांगू नकोस."

बहगत पुढं झुकला, त्याचे ओठ उघडले. पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. दोघी बहिणींनी एकाच वेळी कागदावर डोकी वाकवली, रावियानं बोट ओळीवरून नेलं, आणि शाहिनाझनं मुकाट्यानं सोंगटी मागं घेतली.

बहगत पुन्हा मागं टेकला. चाळीस वर्षं असा वाद झाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत आल्या होत्या.

डाव पाऊण तास चालला. शाहिनाझची आई कोंडली गेली आणि तिनं पटावर मूठ आपटली. मग तिनं लगेच दुसरा डाव मांडायला घेतला. मुतवल्लीनं तिच्या हाताखालून कागद काढून घेतला, तो खिशात घालता घालता म्हणाला, खाली बहगतचं नाव टाकू या का? चॅम्पियनचं नाव असलं की पेटीला वजन येतं.

"कुणाचंच नाव नको," इन्शिराह म्हणाली. "नाव टाकलं की लोक वाचायचं सोडून त्याला विचारायला जातील."

मुतवल्ली गेला. मुली एक डाव आणखी खेळून, हसत आणि एकमेकींना ढकलत गेल्या. इन्शिराह त्यांच्या मागं दारापर्यंत गेली नाही. इतकं होऊनही तिच्या छातीतला निखारा विझला नव्हता. तिला वाटलं होतं विझेल. एक कागद व्हायला आठ दिवस लागले होते. आठच दिवस. मग बावन्न वर्षं कशात गेली, हा हिशेब तिला लागत नव्हता.

मागं सोंगट्यांचा आवाज आला. बहगतनं पट आपल्याकडे ओढला होता आणि पंधरा-पंधरा सोंगट्या मांडल्या होत्या, खिडकीच्या बाजूला, उजेडाकडे.

"बस," तो म्हणाला. "एक डाव."

तिनं वहीतून कागदाची कच्ची प्रत फाडली आणि पटावर, त्याच्या हातांवर ठेवली.

"आधी वाच."

"मी? मी वाचू?"

"तू. मोठ्यानं."

त्यानं तिच्याकडे बघितलं, चेष्टा आहे का ते बघण्यासाठी. मग सावकाश खिशातून चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या, आणि शाळेतल्या पोरासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागला. पेटी उघडा. बिजागरी. बाजू ठरवा. ती समोर बसून नखांतला वाळलेला सरस खरवडत होती. फासे टाकण्याआधी ठरवा, इथपर्यंत तो आला आणि पुढच्या, नंतर आठवलेल्या नियमाच्या ओळीवर थांबला. चहावाल्याची हाक खालच्या गल्लीतून गेली.

"वाच," ती म्हणाली. "थांबलास का?"